खंडेश्वर ते सोमनाथपूर

साठी उलटल्यावर दहावीच्या वर्गातले अठरा जण एकत्र दक्षिणेला निघालो, तेव्हा घरच्यांना वाटले की ही रामेश्वरची यात्रा आहे. आम्हालाही तसेच वाटत होते. कोणाच्या आईचा नवस राहिला होता, कोणाला गंगाजल न्यायचे होते. शाळेत असताना आपली सहल फार तर चिखलदऱ्यापर्यंत जायची. डब्यात पोळी आणि ठेचा, गाविलगडाच्या तटावर बसून खायचे आणि अंधार पडता पडता परत. त्या सहलींचा हिशेब या वयात पुरा करावा, एवढाच बेत होता. स्मरणिकेसाठी प्रवासवर्णन लिहायला सांगितले होते. पण लिहायला बसलो तर ते प्रवासवर्णन न होता आपल्याच गावाच्या देवळाविषयी होऊ लागले. ते का, हे पुढे येईलच.

म्हैसूरहून सोमनाथपूरला गेलो. गाव लहान, देऊळ गावाच्या कडेला. होयसळ राजा तिसरा नरसिंह याच्या सोमनाथ नावाच्या दंडनायकाने ते बांधले. प्रवेशद्वाराजवळ उभा शिलालेख आहे. वाटाड्याने सांगितले, हे १२५८ सालचे केशव मंदिर. तीन गाभारे, चांदणीच्या आकाराचे तळघडण, भिंतीवर खाली हत्तींची रांग, तिच्यावर घोडेस्वार, मग वेलबुट्टी, मग रामायण-महाभारत-भागवतातले प्रसंग. कारागिरांनी मूर्तींखाली आपली नावे कोरली आहेत. मल्लितम्म हे नाव तर पुन्हा पुन्हा येते. पूजा तिथे होत नाही, गाभाऱ्यातली मूळ केशवमूर्तीही राहिलेली नाही. तरी आमच्यातल्या दोघीतिघी उंबऱ्याला हात लावून नमस्कार करून आल्याच.

तिथेच सावलीत पाणी पिताना एकाने विचारले, ‘‘काय रे, आपलं खंडेश्वराचं देऊळ कधीचं हाय?’’

‘‘मले काय माईत,’’ दुसरा म्हणाला. ‘‘हेमाडपंती हाय, एवढं माईत.’’

अठरा जणांपैकी एकालाही सांगता आले नाही. मलाही नाही. ज्या देवळात महाशिवरात्रीला रांगेत उभे राहिलो, परीक्षेच्या आधी नारळ फोडले, ते कोणाच्या राज्यात उभे होते हे ठाऊक नसताना आम्ही हजार किलोमीटरवरच्या देवळाचे साल पाठ करीत होतो. लाज वाटली म्हणण्यापेक्षा गंमत वाटली. लाज नंतर वाटली, परत आल्यावर, उत्तर सापडले तेव्हा.

कारण उत्तर दडलेले नव्हते. आपल्या खंडेश्वराच्या देवळात शके ११७७ चा शिलालेख आहे. म्हणजे इ. स. १२५५ च्या आसपासचा. राजा देवगिरीचा यादव कृष्ण, ज्याला कान्हरदेवही म्हणतात. देवाला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. अभ्यासकांनी हा लेख वाचून केव्हाच छापला आहे. सोमनाथपूरचे देऊळ १२५८ चे आणि आपल्या देवळातला लेख त्याच्या जेमतेम तीन वर्षे आधीचा! ज्या दिवसांत कावेरीच्या खोऱ्यात मल्लितम्म छिन्नी चालवीत होता, त्याच दिवसांत नांदगावात कोणी तरी देवाच्या नावाने दान देऊन ते दगडावर लिहून ठेवत होता.

आता ‘हेमाडपंती’ या शब्दाविषयी. आपल्या भागात चुना न घालता रचलेले कुठलेही काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले की आपण त्याला हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. हेमाद्री पंडित खरा माणूस होता, विद्वान होता. चतुर्वर्गचिंतामणी हा ग्रंथ त्याचा. पण तो कारभारात नावारूपाला आला तो कृष्णाच्या मागून गादीवर आलेल्या महादेव यादवाच्या आणि पुढे रामदेवरावाच्या काळात. कृष्णाचे राज्य १२६० च्या सुमारास संपले. म्हणजे आपल्या देवळात दानाचा लेख कोरला गेला तेव्हा हेमाडपंताचा जमाना यायचा होता, आणि दान लिहायला देऊळ तर आधी उभे असलेच पाहिजे. अकोला जिल्ह्यात बार्शीटाकळीच्या देवळातला लेख शके १०९८ चा आहे, तोही हेमाद्रीच्या फार आधीचा. त्या देवळालाही आपण हेमाडपंतीच म्हणतो. बिनचुन्याची रचना ही देखील एकट्या हेमाद्रीची कल्पना नव्हे. कर्नाटकात पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर आठव्या शतकातले, तिथेही दगडावर दगड नुसते बसवलेले आहेत. खुंटी आणि खोबणी करून, वजन तोलून. वेरूळच्या कैलासावर त्या विरूपाक्षाची छाप आहे, आणि विरूपाक्षावर कांचीपुरमच्या कैलासनाथाची, हे जाणकार सांगतात. ही विद्या दक्षिणेतून वर आली, वरून खाली गेली, कारागिरांच्या पायांनी फिरली. एका प्रधानाचे नाव तिला चिकटले आणि घडवणारे हात मात्र विसरले गेले.

बरोबरच्या एका मैत्रिणीने सोमनाथपूरला म्हटले होते, ‘‘आपल्या देवळावर एवढं कोरीव काम का नाही? आपले लोक कमी पडले का?’’ तेव्हा उत्तर देता आले नाही, आता देतो. होयसळांनी वापरला तो दगड शंखजिऱ्याच्या जातीचा, खाणीतून काढताना मऊ, लाकडासारखा कोरता येणारा. हवा लागली की तो हळूहळू कडक होतो. आपला दगड म्हणजे काळा बेसॉल्ट, लाव्ह्याचा थिजलेला थर, काही कोटी वर्षांपूर्वीचा. त्यावर छिन्नी उसळते. त्यात नथीतला मोती कोरायला जो जीव काढावा लागतो, त्या कष्टात होयसळ कारागीर अख्खी वेल कोरून मोकळा होत असेल. तंजावरचा बृहदीश्वर पाहा, राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरा केलेला. दोनशे फुटांच्या वर चढलेले शिखर, पण दगड ग्रॅनाइट, म्हणून तिथेही सोमनाथपूरसारखी नाजूक जाळी नाही. आपले लोक कमी पडले नाहीत, दगड वेगळा होता. बेसॉल्टवरही लोणारच्या दैत्यसूदन मंदिराने काय करून दाखवले आहे, ते बुलढाण्याला जाणाऱ्यांनी बघावे.

आणि हे होयसळ आपले काही परके नव्हते. भांडणातले का होईना, शेजारी होते. ११९१ च्या सुमारास सोरटूरच्या लढाईत होयसळ बल्लाळाने यादव भिल्लमाचा पराभव केला. पुढे सिंघण यादवाने त्याची भरपाई केली, त्याचे सैन्य पार दक्षिणेत गेले. या सिंघणाचा सेनापती खोलेश्वर आपल्या विदर्भातला. अंबेजोगाईच्या शिलालेखांतून त्याची माहिती मिळते. भातकुली तालुक्यातल्या खोलापूरचे नाव त्याच्याशीच जोडले जाते. खोलापूरला आपल्या वर्गातल्या एकीचे सासर आहे. तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘‘तीस वर्षं झाली तिथं राहून, कोणी सांगितलं नाही ना भाऊ.’’

म्हैसूरलाच आणखी एक प्रकार झाला. बसस्थानकावर कर्नाटकच्या एसटीवर दोन तोंडांच्या पक्ष्याचे चिन्ह असते. गंडभेरुंड. कर्नाटक सरकारच्या मुद्रेतही तोच आहे, वडियार राजांकडून आलेला. आमच्यातला चित्रकार म्हणाला, ‘‘हा पक्षी म्या पाह्यला हाय.’’ आम्ही हसलो. पण तो अडून बसला, आणि शेवटी आठवले त्याला: गाविलगड! सातवीच्या सहलीत दरवाज्यावर पायांत हत्ती धरलेला दोन तोंडांचा पक्षी त्याने वहीत काढला होता.

त्याचे बरोबर होते. गाविलगड १४२५ मध्ये बहमनी सुलतान अहमदशहाने बांधला. पुढे फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क याने त्याची मोठी डागडुजी केली, आणि १४९० च्या सुमारास हाच वऱ्हाडचा स्वतंत्र सुलतान झाला. इमादशाहीचा हा मूळ पुरुष जन्माने कानडी, विजयनगरच्या मुलखातला. लढाईत लहानपणी पकडला जाऊन मुसलमान झालेला, असे इतिहासकार सांगतात. गंडभेरुंड हे विजयनगरच्या मुलखातलेच मानाचे चिन्ह. मूल परमुलखात वाढले, धर्म बदलला, गादी मिळाली, आणि किल्ल्याच्या दरवाज्यावर आला तो हा पक्षी. त्याने मुद्दाम कोरवला की कारागिरांनी आपल्या सवयीने, ते दगड सांगत नाही. पण १५६५ साली विजयनगरवर दख्खनचे सुलतान एकवटून गेले तेव्हा वऱ्हाडची इमादशाही तेवढी त्या लढाईत उतरली नाही, ही नोंद आहे. कारण राजकारणाचे होते, अहमदनगरशी वैर होते. तरी हंपीच्या पडक्या बाजारातून चालताना मला आपल्या वऱ्हाडाचे तेवढे बरे वाटले, हे कबूल करतो.

हंपीला विठ्ठल मंदिरात आमच्या बायकांनी टाळ्या वाजवून अभंग म्हटले. पंढरीचा विठोबा इथे आणला होता आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला, अशी वारकऱ्यांची परंपरा सांगते. कौंडण्यपूरहून रुक्मिणीच्या पालखीबरोबर वारी केलेली एक बाई बरोबर होती. तिला हा इतिहास की कथा, असा प्रश्नच पडला नाही.

मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी याविषयी सगळ्यांनी इतके लिहिले आहे की मी थांबतो. रामेश्वरच्या बावीस कुंडांची आंघोळ झाली, गंगाजल वाहून झाले, एकाचा चष्मा हरवला. तंजावरला मात्र थांबायला हवे.

बृहदीश्वराच्या आवारात भिंतीवर मराठी लिहिलेले आहे. देवनागरी अक्षर, ओळींमागून ओळी. १८०३ साली सरफोजी राजांच्या काळात भोसले घराण्याचा सगळा इतिहास दगडावर कोरून ठेवला. मराठीतला इतका मोठा शिलालेख दुसरा नाही म्हणतात. व्यंकोजी राजांपासून १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. पण १७९९ मध्येच इंग्रजांनी कारभार काढून घेतला होता आणि सरफोजींकडे किल्ला, मान आणि तनखा उरला होता. राज्य गेलेल्या राजाने इतिहास लिहून ठेवला. आम्ही उन्हात उभे राहून जमेल तेवढे मोठ्याने वाचले. जवळून जाणारी एक तमिळ शाळेची सहल थांबून ऐकत राहिली.

घरी आल्यावर ते १८०३ साल मनातून जाईना. कारण त्याच वर्षीच्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीने गाविलगड घेतला, आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, आपल्याच जिल्ह्यातल्या देवगावला नागपूरच्या भोसल्यांनी तह केला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. म्हणजे आपले वऱ्हाड गेले, निजामाकडे. नागपूरचे भोसले आणि तंजावरचे भोसले ही घराणी वेगळी. पण एकाच वर्षी एक भोसला वऱ्हाड सोडून देत होता आणि दुसरा हजार किलोमीटरवर चोळांच्या देवळात आपल्या पूर्वजांची नावे कोरून घेत होता. चिखलदऱ्याच्या सहलीत ज्या तटावर बसून आम्ही ठेचा खाल्ला, त्या तटाचे हे साल आम्हाला तंजावरने शिकवले.

थोडी गंमतही सांगतो. चक्रधर स्वामींनी आपल्या शिष्यांना कानडी आणि तेलंगी मुलखात जाऊ नका, महाराष्ट्रात राहा, असे सांगितले होते. आमच्यातली एक मैत्रीण महानुभाव घरातली, रिद्धपूर तिचे आजोळ. ती सगळ्या प्रवासात म्हणत होती, ‘‘मी स्वामींची आज्ञा मोडून आली हो.’’ पण तिच्याच पंथाने एक असे काम केले आहे की ते आपल्या डोळ्यांपुढे असायला हवे. स्वामी जिथे जिथे राहिले, बसले, फिरले त्या गावांची आणि देवळांची नोंद चौदाव्या शतकात मुनी व्यासाने ‘स्थानपोथी’त करून ठेवली. गाव कोणते, देऊळ कोणत्या बाजूला, दार कुठे, ओटा कुठे. ज्यांच्या दृष्टीने ते स्थान पवित्र होते, त्यांनी दिशासुद्धा चुकू दिली नाही. आज त्यातली कित्येक देवळे पडली, पण त्यांचे दार कोणीकडे होते ते सांगता येते.

आपल्याकडे देव पवित्र राहिला आणि दगड मात्र तेलकट झाला. जिल्ह्यातल्या एका जुन्या देवळात (नाव घेत नाही) आम्ही परतल्यावर मुद्दाम गेलो, तर खांबांना ऑइलपेंट, लाल आणि पिवळा, आणि कोरीव पट्टीवर वर्गणीदारांच्या नावांची फरशी सिमेंटने बसवलेली. वाईट हेतूने कोणी केले नव्हते. श्रद्धेनेच केले होते, पदरचे पैसे घालून. त्यांना रागावता येत नाही, आणि गप्पही बसवत नाही. रंगाखाली अक्षर आहे की नाही, ते आता कोण सांगणार?

म्हणून मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, भाषणे सुरू होण्याआधी, आम्ही अठरा जण खंडेश्वराला जाणार आहोत. शाळेतली आठवी-नववीची मुलेही येणार आहेत. छापलेल्या वाचनाची झेरॉक्स प्रत्येकाच्या हातात असेल आणि लेखातली अक्षरे एकेक करून लावून पाहायची आहेत. खडू, तेल, गुलाल काही लावायचे नाही. बॅटरी तिरपी धरली की अक्षर उठून दिसते, हे सोमनाथपूरच्या वाटाड्याने शिकवले आहे. ज्यांच्याकडे चांगली बॅटरी असेल त्यांनी आणावी. चहा देवळाबाहेर.