सातासमुद्रापलीकडचे गाठोडे

आपल्या स्मरणिकेत पाककृती, भरतकाम आणि आरोग्य यांवर दरवर्षी लेख येतात. यंदा कोणी तरी इतिहासावर लिहावे असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. मी सातवी शिकलेली बाई. लढाया आणि तह यांवर मी काय लिहिणार? परंतु प्रवासाचे सामान बांधणे हा विषय कोणत्याही इतिहासकारापेक्षा आम्हां बायकांना अधिक ठाऊक आहे, म्हणून तोच घेतला.

अलीकडे आपल्या बुलढाणा, खामगाव, चिखली, मलकापूर या बाजूच्या घरांतूनही मुले-मुली परदेशी नोकरीस जाऊ लागली आहेत. मग लेकीचे नाही तर सुनेचे बाळंतपण निघते, आणि जिने आयुष्यात नागपूर-मुंबईपलीकडे काही पाहिले नाही ती बाई सहा महिन्यांसाठी अमेरिकेस निघते. विमानवाले २३ किलोची एक नाही तर दोन बॅगा नेऊ देतात. घरातील पुरुषमंडळी व मुले एकच घोष लावतात, "सामान कमी घे, सामान कमी घे." आणि ती बाई काटा आणून बॅग चार-चार वेळा तोलते. त्या बॅगेत तिची स्वतःची लुगडी नि कपडे पाच-सहा किलोंचे. बाकी सारे डिंकाचे लाडू, शेवया, कुरडया, बिबड्या, काळा मसाला, बाळंतकाढा, बाळाची झबली आणि जुन्या पातळाच्या शिवलेल्या गोधड्या. सामान कमी घे म्हणणाऱ्याला हे सांगावेसे वाटते की बाबा, यात माझे असे आहेच काय?

असाच समुद्रापलीकडचा प्रवास आपल्या दोन महाराष्ट्रीय स्त्रियांनी १८८३ सालच्या एप्रिल महिन्यात, अवघ्या तेरा दिवसांच्या अंतराने केला. ७ एप्रिलला कलकत्त्याहून आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या आणि २० एप्रिलला मुंबईहून पंडिता रमाबाई इंग्लंडला निघाल्या. दोघींची नावे आपण शाळेत ऐकली आहेत. पण त्यांनी बरोबर काय नेले आणि मागे काय ठेवले, इकडे कोणी फारसे लक्ष देत नाही.

त्या काळी समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडविणे अशी समजूत होती. परत आलेल्या पुरुषालाही प्रायश्चित्त घ्यावे लागे. आगबोटीवरचे अन्न कोणी शिजविले, पाणी कोणी भरले हा मोठाच प्रश्न असे. पैसेवाल्यांनी त्यावर आपल्यापरीने तोड काढली. जयपूरचे महाराज सवाई माधोसिंग १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकासाठी विलायतेस गेले, तेव्हा त्यांनी अख्खी आगबोट भाड्याने घेतली आणि चांदीच्या प्रचंड रांजणांत गंगाजल भरून नेले. एकेका रांजणाचे वजन ३४५ किलो आणि त्यात चार हजार लिटरांहून अधिक पाणी मावते. त्यांतले दोन रांजण जयपूरच्या राजवाड्यात आजही पाहावयास मिळतात. राजाचा धर्म राखावयास एवढे सामान लागले. कल्याणच्या मुलीला तोच धर्म एका पेटीनिशी राखावयाचा होता.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव टपालखात्यात नोकरीस होते आणि बायकोने शिकावे या एकाच वेडाने भारलेले होते. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. बाईमाणसाला दाखवावयास बाई डॉक्टर नाही, हे दुःख तेथून त्यांच्या मनात बसले. गोपाळरावांनी मदतीसाठी मिशनऱ्यांकडे केलेला पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मासिकात छापून आला. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या, तेथे त्यांच्या हाती तो अंक पडला. त्यांनी पत्र धाडले. ओळख ना देख, पण पुढे त्या आनंदीबाईंच्या मावशी झाल्या. दाताच्या दुखण्याचा इतका चांगला उपयोग दुसरा झाला नसेल!

जाण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी भर सभेत इंग्रजीत भाषण केले. हे श्रीरामपूर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधले. लोक जे जे प्रश्न त्यांना रस्त्यात, दारात विचारीत होते, त्यांची त्यांनी एकेक करून उत्तरे दिली. तुम्ही एकट्या का जाता, जातीबाहेर टाकले तर काय कराल, हिंदुस्थानात शिकता येत नाही काय? आणि त्यांनी स्पष्ट सांगितले की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. माझा पेहराव आणि माझे खाणेपिणे मी बदलणार नाही. माझ्या मते त्यांचे खरे सामान त्या दिवशीच बांधून झाले. लोखंडी पेटी भरणे हे नंतरचे काम.

प्रवासखर्चासाठी हातातल्या सोन्याच्या बांगड्या मोडल्या. म्हणजे एक ओझे तेथेच उतरले. पती बरोबर नव्हते. नोकरी सोडून निघण्याइतका पैसा कोठून आणणार? मिशनरी बायकांच्या सोबतीने अठरा वर्षे आणि एक आठवडा वयाची ही मुलगी आगबोटीत बसली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. जवळजवळ दोन महिने पाण्यावर. मधे एखादी वस्तू विसरली म्हणून कोणाला फोन करावा अशी सोय नव्हती. पत्राला महिना-दीड महिना लागे.

रोझेलच्या घरी त्यांनी एकदा आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून पंगत घातली आणि तिकडच्या बायकांना लुगडी नेसविली. हे वाचून मला फार मौज वाटली. आपणही परमुलखात दुसरे काय करतो? चार शेजारणी गोळा करतो आणि पोळ्या लाटतो.

पुढे फिलाडेल्फिया शहरातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी नाव घातले. तेथील हिवाळा म्हणजे आपल्या बुलढाण्याच्या घाटावरची पौषातली थंडी नव्हे; तेथे बर्फ पडते. आपले नऊवारी लुगडे कासोट्याचे. चालावयास, काम करावयास त्यासारखे वस्त्र नाही, पण मागून पोटऱ्या उघड्या राहतात. थंडीने पाय गारठत आणि तिकडच्या रीतीने पाय दिसणे बरे मानीत नसत. तेव्हा आनंदीबाई गुजराती पद्धतीने लुगडे नेसू लागल्या, म्हणजे पाय घोट्यापर्यंत झाकले जात. झगा घातला नाही. १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेले त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. शेजारी जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबुली अशा दोघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात बसल्या आहेत, आणि आपली आनंदीबाई लुगड्यात.

आता रमाबाईंकडे वळते. त्यांच्या सामानाची कथा जन्मापासूनच सुरू होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता, आणि ते गंगामूळच्या रानात घर करून राहिले होते. तेथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या. त्या सहा महिन्यांच्या असतानाच घरदार मोडले आणि कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या रमेला वेताच्या पेटीत घातले आणि हमालाने ती पेटी डोक्यावरून घाटाखाली आणली. म्हणजे पहिल्या प्रवासात त्या स्वतःच सामान होत्या!

पुढे पुराणे सांगत गावोगाव हिंडणे. दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. उरला भाऊ श्रीनिवास. या दोघा भावंडांनी चार हजार मैलांहून अधिक वाट पायी तुडविली असे रमाबाईंनी लिहून ठेवले आहे. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी इतकी आणि अंगावर पांघरूण नाही, तेव्हा रात्री वाळूत दोन खड्डे खणून त्यांत निजावयाचे आणि गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घ्यावयाची. हा मजकूर वाचला त्या रात्री मला गोधडी अंगावर घेववेना.

कमी सामानाचे गोडवे गाणारे लोक ही गोष्ट विसरतात. ज्याच्या घरी चार घोंगड्या आहेत त्याने एक घेऊन निघणे निराळे आणि ज्याच्याजवळ एकही नाही त्याने वाळू पांघरणे निराळे. दोन्हीकडे गाठोडे हलकेच दिसते.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. मग भाऊ गेला, लग्न झाले, मुलगी झाली आणि १८८२ च्या आरंभी पतीही गेले. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. आपल्यासारख्या मंडळांची ती आजीच म्हणावयाची. त्याच वर्षी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीतून बोटीच्या भाड्याची सोय केली. एकीने बांगड्या मोडल्या, दुसरीने पुस्तक विकले. दोघींनीही नवऱ्याच्या वा बापाच्या पैशाने तिकीट काढले नाही, हे मला फार मोठे वाटते. कडेवर मनोरमा होती. तिला दोन वर्षे पुरी होऊन चारच दिवस झाले होते. मूल बरोबर असले की सामान किती वाढते ते मी तुम्हांस सांगावयास नको.

इंग्लंडला गेल्यावर त्याच वर्षी रमाबाई ख्रिस्ती झाल्या. महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. परंतु पाहा, धर्म बदलला तरी त्यांनी पांढरे सुती लुगडे सोडले नाही आणि मांसाहार कधी केला नाही. आनंदीबाईंनी धर्मही सोडला नाही, वेषही नाही. आपण काय टाकावयाचे आणि काय काही झाले तरी न्यावयाचेच, हे दोघींचे दोघींनी ठरविले. मला यातील एकीला बरे आणि दुसरीला वाईट म्हणवत नाही.

या दोघी लांबच्या नात्यातल्या होत्या. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली, त्या समारंभाला रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून मनोरमेला घेऊन अमेरिकेस आल्या. एवढ्या दूर देशात दोन लुगडी एका सभागृहात!

आनंदीबाई क्षयाने आजारी होऊनच परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. आपल्याकडे पुष्कळजण असे बोलतात की लुगड्याचा आणि शाकाहाराचा हट्ट धरला म्हणून त्या गेल्या. आपल्या मंडळातही एकदा हा वाद झाला होता. मला हे पटत नाही. थंडी आणि अपुरे अन्न यांनी शरीर खंगले असेल, ते मी नाकारीत नाही. परंतु क्षयाचा जंतूच मुळी १८८२ साली सापडला आणि त्यावरचे पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसीन, १९४३ साली. मधल्या साठ वर्षांत झगे घालून मांस खाणारी गोरी माणसेही क्षयाने हजारोंनी गेली. आणि लुगडे नेसून भाजी-भाकरी खाणाऱ्या रमाबाई इंग्लंड-अमेरिकेचे हिवाळे काढून परत आल्या व १९२२ पर्यंत जगल्या. बाई मेली की तिच्या नेसण्या-खाण्यात दोष शोधावयाचा, ही जुनीच खोड आहे.

आपल्याकडे हलके गाठोडे पाहावयाचे तर शेगावला जावे. श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पायी निघते. महिनाभराची वाट. माझ्या सासूबाईंनी वारी केली, तेव्हा त्यांची वळकटी मी बांधली होती. दोन लुगडी, एक घोंगडी, तांब्या, सुईदोरा, हळदकुंकवाची डबी आणि पायाला लावावयास तेलाची बाटली. पण डोक्यावर तुळशीवृंदावन, तेही पितळेचे! ते खाली ठेवून चला म्हटले असते तर त्या माझ्याशी बोलल्या नसत्या. आता दिंडीबरोबर ट्रक असतो, वळकट्या त्यात जातात. तुळस मात्र अजून बायकांच्या डोक्यावरच असते.

म्हणून अमेरिकेस निघालेल्या माझ्या भगिनींना मी बिबड्या काढून ठेवा असे सांगणार नाही. बी-बियाणे व ताजी फळे मात्र नेऊ नयेत, ती तिकडे विमानतळावर काढून घेतात. आणि डिंकाच्या लाडवांना जागा करावयाची म्हणून स्वतःची शाल आणि स्वतःची औषधे बाहेर काढू नयेत. ते काम आपण नेहमी करतो.

परतताना या दोघींनी काय आणले तेही सांगते. रमाबाईंनी अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देऊन हिंदुस्थानातील विधवांसाठी मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, मुंबईत शारदासदन उघडले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी विवाह होऊन त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. आनंदीबाई जोशांचे मात्र उलटे झाले. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस पाठविल्या आणि त्यांनी त्या न्यूयॉर्क प्रांतातील पोकिप्सी गावी, आपल्या घरच्या माणसांच्या दफनभूमीत ठेवल्या. तेथे त्यांच्या नावाचा दगड आहे.