भाजके शंकरपाळे
भाजके शंकरपाळे : खारे शंकरपाळे कढईत न तळता ओव्हनमध्ये भाजून केलेला घरगुती प्रकार. छत्रपती संभाजीनगर आणि एकूणच मराठवाड्यात ज्वारीचे पीठ घरात असतेच. ते कणकेत मिसळून हे शंकरपाळे चांगले होतात. तळण टळले की पदार्थ हलका झाला, हा याबद्दलचा पक्का समज अर्धाच खरा आहे. दिवाळीत बेकरीच्या भट्टीतून भाजून आणायची नानकटाई तेलाची कढई पाहतही नाही, तरी तिच्यातले तूप किंवा वनस्पती तूप पिठाच्या निम्म्याहून कमी क्वचितच असते. याच शहराच्या नान-खलियातला नानही विस्तवावरच भाजला जातो, पण तेथला तेलकटपणा असतो खलियाच्या तर्रीत. मळताना किती तेल-तूप पडते आणि शिजताना किती आत जाते, या दोन्हींची बेरीज केल्याशिवाय कोणत्याही फराळाला हलका म्हणता येत नाही.

तळणीचे तेल साधारण 170 ते 180 अंश सेल्सिअसला असते. त्यात पिठातले पाणी वाफ होऊन जोराने बाहेर पडते आणि तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. शंकरपाळे झाऱ्यावर येऊन निवू लागले की आतली वाफ आकसते आणि वर राहिलेले तेल छिद्रांतून ओढले जाते. जाडीच्या मानाने पृष्ठभाग जितका मोठा, तितके हे शोषण अधिक. बटाट्याच्या तळलेल्या वेफर्सच्या वजनात जवळजवळ एक तृतीयांश तेल असते ते यामुळेच. ओव्हनमधली गरम हवा उष्णता तेलापेक्षा फार सावकाश देते. पाणी हळूहळू जाते, पृष्ठभागावर फोड येत नाहीत, आणि तळणीचेच पीठ तसेच भाजले तर शंकरपाळा दाताला कठीण लागतो. म्हणून येथे मोहन काटकसरीने घालून चालत नाही. कणीक दोन भाग व ज्वारी एक भाग असे 200 ग्रॅम पीठ घेतले, तर 30 ग्रॅम तेल हवे. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसल्याने पिठाचा चिवटपणा तुटतो आणि खुसखुशीतपणा येतो. ओवा, तीळ, मीठ घालून पीठ घट्ट मळावे, दोन मिलिमीटर जाडीची पोळी लाटावी, काट्याने टोचे मारावेत आणि कातून 160 ते 170 अंशांवर वीसेक मिनिटे भाजावे. मग ओव्हन बंद करून दार किलकिले ठेवावे. उरलेला ओलावा तेव्हा जातो. तयार मालात घातलेल्या तेलाचा वाटा आठव्या हिश्शाच्या आसपास राहतो. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी आणि एक ग्रॅम पिष्टात चार, हे धरले की फरक कोठे पडतो ते दिसते.

यावर पहिला आक्षेप चवीचा, आणि तो रास्त आहे. तळणीचा खमंगपणा ओव्हनमध्ये येत नाही. तो येईल असे सांगणाऱ्या पाककृतींनीच या प्रकाराचे नाव खराब केले आहे. भाजका शंकरपाळा चवीने खाऱ्या बिस्किटाच्या जवळचा, आणि तसाच तो खावा. दुसरा आक्षेप आरोग्याचा : पिष्टमय पदार्थ 120 अंशांच्या वर कोरडे तापले की अ‍ॅक्रिलामाइड तयार होते. हे स्वीडनमधील संशोधकांनी 2002 मध्ये दाखवले आणि ते तळणीइतकेच भाजण्यालाही लागू आहे. त्यावरचा उपाय रंगावर नजर ठेवण्याचा आहे. फिकट सोनेरी झाले की थांबावे, तांबूस होईपर्यंत नव्हे. ओव्हन नसलेल्या घरी कुकरची शिट्टी व रिंग काढून, तळाशी मिठाचा थर देऊन काम भागते. मात्र तेथे उष्णता खालून जास्त लागते, त्यामुळे घाणा लहान ठेवून मध्ये एकदा उलटावा लागतो. हलके आहे म्हणून दुप्पट खाल्ले तर वाचलेले सारे परत येते, हा आक्षेप पदार्थावर नसून खाणाऱ्यावर आहे. तरी तो खोडता येत नाही.

गोड शंकरपाळ्यांना ही रीत फारशी लाभत नाही. तूप आणि साखर पिठातच असल्याने बचत थोडी होते, शिवाय साखरेमुळे आत कच्चे असतानाच वर रंग चढतो. अनारसे तर तळणीशिवाय जाळीदार होत नाहीत. सर्वाधिक फायदा होतो तो पातळ पोह्यांच्या चिवड्यात, पण तेथे ओव्हनही लागत नाही : पोहे कोरडे भाजून फोडणी दिली की झाले. भाजके शंकरपाळे पूर्ण निवल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत ते टिकतात, पावसाळ्यात मात्र लवकर सादळतात. तेव्हा 120 अंशांवर काही मिनिटे गरम केले की पुन्हा कुरकुरीत होतात.