प्राणहितेवरील आगबोटींचें स्वप्न

रेल्वे येण्यापूर्वीं जड माल स्वस्तांत नेण्याचा मार्ग एकच होता, आणि तो पाण्याचा. बैलगाडीला चिखल व घाट आडवे येत. नाव मात्र प्रवाहाबरोबर सहज उतरून जाई. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, नकाशा पुढें ठेवून बसलेल्या इंग्रज इंजिनिअरांची दृष्टि वऱ्हाड-नागपूरच्या कापसावरून निघून वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या रेषेनें थेट बंगालच्या उपसागरास जाऊन भिडली. त्या रेषेच्या कांठचें निबिड अरण्य आज चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मोडतें. या अरण्यांतून आगबोटी चालविण्याचा उद्योग कसा आरंभला आणि कसा बुडाला, तो इतिहास फारसा कोणाच्या स्मरणांत नाहीं. परंतु तो स्मरणीय खास आहे.

प्रथम नदीची ओळख करून घेतली पाहिजे. सिवनीच्या डोंगराळ मुलखांत उगम पावलेली वैनगंगा दक्षिणेस येतां येतां मार्कंडा येथें एक वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. त्या वळणावर जुन्या दगडी देवळांचा समूह पाण्याकडे तोंड करून उभा आहे. पुढें चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते आणि दोघींचें नांव प्राणहिता होतें. प्राणहितेची लांबी अवघी ११३ किलोमीटर. पण गोदावरीच्या खोऱ्याचा सुमारें एकतृतीयांश मुलूख आपलें पाणी हिच्या ओंजळींत घालतो. अहेरी मागें टाकून ती सिरोंच्यापाशीं गोदावरीस भेटते, आणि पलीकडच्या तीरावर काळेश्वराचें क्षेत्र दिसतें. थोडें खालीं, सोमनूरजवळ, बस्तरच्या रानांतून इंद्रावती येऊन मिळते. सागाचीं सरळसोट झाडें, वाळूवर पहुडलेल्या मगरी, फांदीवरून फांदीवर झेप घेणारें शेकरू, आणि संध्याकाळीं पाण्यावर उतरणारीं रानजनावरें, असा हा नदीकांठचा देखावा होय.

१८४७ ते १८५२ या अवधींत आर्थर कॉटन यांनीं धवळेश्वरम् येथें गोदावरीस बंधारा घातला. दुष्काळानें गांजलेला तो मुलूख कालव्यांच्या पाण्यानें सुपीक झाला. या यशानें हुरूप येऊन कॉटन यांनीं नदीच्या वरच्या भागांत नौकानयनाची योजना मांडली. लेफ्टनंट हेग यांनीं पात्राची पाहणी केली आणि १८५६ सालीं त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. नागपूरचें राज्य नुकतेंच खालसा झालें होतें. १८६० च्या तहानें गोदावरीच्या डाव्या तीराचा मुलूखही निजामाकडून इंग्रजांकडे आला, आणि सिरोंचा हें अपर गोदावरी जिल्ह्याचें मुख्य ठाणें झालें. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत यादवी पेटली. मँचेस्टरच्या गिरण्यांस अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हां हिंगणघाटच्या कापसास सोन्याचे दिवस आले. हा कापूस लवकर समुद्रास पोंचावा, म्हणून विलायतेंतूनही गोदावरीच्या योजनेचा पाठपुरावा सुरू झाला.

परंतु नदीनें आपली अट घातलेलीच होती. तिच्या वाटेंत खडकांचे तीन मोठे अडथळे आहेत: भद्राचलमजवळ दुम्मागुडेम, इंद्रावतीच्या संगमाखालीं इंचमपल्ली, आणि अहेरीच्या बाजूस प्राणहितेवर देवलमरी. या ठिकाणीं पात्र खडकांच्या उतरंडीवरून धांवतें. नावेला तेथें मार्ग नाहीं. योजना अशी कीं, प्रत्येक ठिकाणीं बंधारा घालून पाणी तुंबवावयाचें, बाजूनें कालवा खणावयाचा, आणि त्यांत दारें असलेले हौद बांधून नावा पायरीपायरीनें चढवावयाच्या वा उतरवावयाच्या. कागदावर ही योजना निर्दोष होती. प्रत्यक्षांत पावसाळ्यांत नदी दुथडी भरून वाही आणि कामें थांबवावीं लागत. पाणी ओसरलें कीं हिवताप मजुरांस अंथरुणास खिळवी, आणि उन्हाळ्यांत नदीच्या जागीं वाळवंट पसरलेलें असे. कापसाचा हंगाम हिवाळ्याचा. आगबोट चालण्याजोगें पाणी पावसाळ्याचें. हा विरोध कोणत्याही बंधाऱ्यानें पुरता मिटणारा नव्हता.

इकडे १८६५ सालीं अमेरिकेंतील युद्ध संपलें आणि १८६७ सालीं मुंबईची रेल्वे नागपुरास पोंचली. कापूस पश्चिमेकडे वळला. दुम्मागुडेमचा बंधारा तेवढा उभा राहिला. इंचमपल्लीचें काम अर्धवट पडलें. तिसऱ्या अडथळ्यावरून आगबोटींचा मार्ग कधींच झाला नाहीं. १८७१ सालीं सरकारनें योजना सोडून दिली. १८७४ सालीं अपर गोदावरी जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याची एक तहसील होऊन राहिली.

योगायोग असा कीं, त्याच १८७१ सालीं कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांचा मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. रानम्हशीची वस्ती सुमारें ८० रेखांशाच्या पूर्वेस असल्याचें त्यांत नमूद आहे. सिरोंचा नेमका त्या सीमेवर आहे. पुढें हें जनावर ठिकठिकाणीं नामशेष होत गेलें. महाराष्ट्रांत तें उरलें तें याच कोपऱ्यांत, आणि त्यासाठींच कोलामार्का येथील रान २०१३ सालीं राखीव करण्यांत आलें.

यावरून आगबोटी बुडाल्या म्हणून अरण्य वाचलें, असें म्हणण्याचा मोह होतो. तें अर्धेंच सत्य आहे. खडकांनीं व्यापाऱ्यास अडविलें, तसेंच वैद्यास आणि शिक्षकासही अडविलें. माडिया व गोंड वस्त्या पावसाळ्यांत जगापासून तुटत. आजाऱ्यास खाटेवर घालून नदीपर्यंत आणलें, तरी पैलतीर गांठणें नदीच्या मर्जीवर असे. रानम्हशीस जो एकांत मानवला, त्याचें मोल माणसांनीं दिलें. १९८२ सालीं गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यामागें या दूरपणाची जाणीव होतीच.

नदीस बांधण्याचा मोह मात्र संपला नाहीं. २०१९ सालीं सिरोंच्याजवळ मेडीगड्डा येथें गोदावरीवर प्रचंड बंधारा उभा राहिला. त्याच्या फुगवट्याचें पाणी शेतांत शिरतें, अशी अलीकडच्या तीरावरील गांवकऱ्यांची तक्रार आहे. २०२३ च्या ऑक्टोबरांत त्या बंधाऱ्याचे कांहीं खांब खचले. दीडशें वर्षांपूर्वींचे इंजिनिअर अडाणी नव्हते आणि आजचेही नाहींत. परंतु तेव्हांच्या योजनेंत मँचेस्टरच्या गरजेचा हिशेब होता, नदीकांठच्या माणसाचा आणि जनावराचा नव्हता. पुढें येथें जें कांहीं बांधावयाचें, त्याच्या हिशेबांत हे दोघेही पहिल्या पानावर असले पाहिजेत. अर्धवट पडलेल्या त्या कामानें शिकविलें तें एवढेंच, आणि तें थोडें नव्हे.