हेक्टरी की एकरी?

पांढरकवड्याच्या बाजारात कापूस क्विंटलने विकता, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, पण बोलता मात्र एकरात! असे का? इंग्रजी अमलातल्या मोजणीने वऱ्हाडात एकर-गुंठे रुजले. पुढे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे ठरली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून शेर-मण जाऊन किलो येऊ लागला. तराजू बदलला, एकर काही तोंडातून गेला नाही.

एकर खुशाल म्हणा, पण हिशेब चुकवू नका. हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. शिफारस हेक्टरी ५० किलो नत्राची असेल, तर एकराला २० किलोच द्या. हेक्टराची मात्रा एकरात पडली, तर खर्च अडीचपट, वर पिकाचे नुकसान. म्हणून पोते फोडण्याआधी विचारा: हेक्टरी की एकरी?