मांडणीवरची भांडी आणि अंथरुणातली गोधडी

आज आपण गावाकडच्या घराच्या सजावटीविषयी बोलणार आहोत. ऐकून हसू नका. सजावट म्हटलं की शहरातला सोफा आणि पडदे डोळ्यांपुढे येतात, आणि आमच्या घरात कसली आलीय सजावट, असं आपणच म्हणून मोकळ्या होतो. पण हल्ली शहराजवळच्या फार्महाउसांचे फोटो मोबाईलवर फिरतात ना, ते जरा नीट पाहा. दारात जातं ठेवून त्यात पाणी आणि फुलं, घंगाळात झाड, जुन्या वाड्याच्या दारावर काच टाकून केलेलं टेबल, भिंतीवर वारली चित्रं आणि खाटेवर आजीची गोधडी. म्हणजे आपल्या घरातून निघालेल्या वस्तूच तिथे शोभेला बसल्यात. मग या वस्तू जेव्हा खऱ्या घरात होत्या, तेव्हा ते घर कोण सजवत होतं आणि कशानं, हे पाहायला नको का?

भिंतीपासून सुरुवात करू. मातीची भिंत दर सणाला सारवायची, वरून पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, खाली गेरूचा पट्टा ओढायचा. हे काम बाईचं. त्याला मजुरी नव्हती, आणि पाऊस लागला की पुन्हा पहिल्यापासून. डहाणू, तलासरी, जव्हारकडे वारली घरांत लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहायचे, आणि तो मान सवाशिणींचा. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, मधोमध पालघट देवी. लग्नाची गाणी म्हणायला धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाईच. चौक लिहिल्याशिवाय लग्न पुरं होत नसे. 1970 नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार त्या भागात गेले, लोकांना कागद दिला, आणि भिंतीवरचं चित्र बाजारात आलं. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी त्याला जगभर नेलं. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. माणूस मोठाच होता, त्यात शंका नाही. पण त्यांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी चौक लिहिले, त्या बायांची नावं कुठेच नाहीत. चित्र भिंतीवर असेपर्यंत ते बायांचं राहिलं. कागदावर आल्यावर त्याखाली सही करायची वेळ आली, आणि सही बहुतेक वेळा पुरुषाची पडली. हा नावाचा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

भिंतीवरच्या तसबिरींचं तसं नाही, त्या बाहेरून आल्या. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन माणसाच्या हाती आला. लक्ष्मी, सरस्वती, दत्त असे देव रंगीत कागदावर छापून स्वस्तात मिळू लागले. तोवर देवाचं असं चित्र बहुतेक मोठ्या घरांतच दिसे. कागद आला आणि मग बायांचा हात फिरला. लक्ष्मीच्या साडीवर खऱ्या जरीची किनार चिकटवलेली, गळ्यात टिकल्यांचा हार, पदराला कापडाचा तुकडा, अशा तसबिरी जुन्या घरांतून आजही सापडतात. ज्यांना तसबीर परवडत नव्हती त्यांनी वर्ष संपलेल्या कॅलेंडरचं चित्र कापून काच लावून घेतली. कापडाच्या ठाणावर गिरणीचं रंगीत तिकीट चिकटवलेलं यायचं, तेही फ्रेममध्ये जायचं. फुटक्या बांगड्यांचे तुकडे दिव्याच्या ज्योतीवर वाकवून एकात एक अडकवायचे आणि त्याचं तोरण करायचं, हे तर आपल्यातल्या कितीतरी जणींनी लहानपणी केलं असेल. बोटं भाजून घेतल्याशिवाय ते जमत नाही.

आता गोधडी. कुणी वाकळ म्हणतं, सीमेकडे कौदी म्हणतात. गोधडीचा हिशेब आधी समजून घेऊ, कारण तो हिशेब बायांच्या डोक्यात असायचा, कागदावर कधी आला नाही. नऊवारी लुगडं म्हणजे सत्तावीस फूट. त्याच्या चार घड्या केल्या की प्रत्येक पदर पावणेसात फुटांचा होतो. पन्हा साधारण पावणेचार फूट. म्हणजे एका लुगड्यातून एका माणसाच्या गोधडीचे चार थर निघाले. रुंद हवी असेल तर दोन लुगडी शेजारी शेजारी. मध्ये धन्याचं विरलेलं धोतर, पोरांचे फाटके सदरे, उशीचे अभ्रे. वरचा आणि खालचा पदर त्यातल्या त्यात धड लुगड्याचा. अंगणात सारवलेल्या जमिनीवर पसरायचं, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, आणि कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचं. दुपारची उन्हं, चार बायका चार बाजूंनी. शिंप्याकडून चोळीच्या खणाचे उरलेले त्रिकोणी तुकडे मागून आणायचे आणि मधोमध लावायचे. नक्षी म्हणून तर लावायचेच, पण अंगाखाली जिथे कापड आधी विरतं नेमकं तिथेच ठिगळ पडायचं. शोभा कुठे संपली आणि डागडुजी कुठे सुरू झाली, ते सांगता येत नाही. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायाही अशाच कडेकडून मध्याकडे शिवत जातात.

गोधडी उलगडून पाहिली तर त्यात काळ दिसतो. आतला थर हातमागाचा जाडाभरडा, त्यावर गिरणीचं कापड, वरती छापील. दुसऱ्या महायुद्धात कापडाची एवढी टंचाई झाली की सरकारनं 1943 मध्ये सुती कापडावर नियंत्रण आणलं, पुढे कापड रेशनवर मिळू लागलं. त्या दिवसांत चिंधीसुद्धा फेकायची नव्हती. गोधडीवर गोधडी चढवायची, जुनीच नव्या गोधडीच्या पोटात जायची. म्हणून जुन्या गोधड्या इतक्या जड असतात. पुढे घरातला एखादा मुंबईच्या गिरणीत लागला की गावी येताना कापडाचे तुकडे घेऊन यायचा. मग नायलॉन आणि टेरिकॉट आलं. त्या कापडाला ना घाम टिपता येतो, ना थरावर थर बसतो, सगळं घसरतं. सोलापुरी चादर आणि बाजारचं ब्लँकेट आलं आणि गोधडी म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत गेली. आता ती शहराच्या दुकानात काही हजारांना मिळते. शिवणारणीला त्यातले किती मिळतात, ते बचत गटातल्या बायांना विचारा.

जे कापड गोधडीत गेलं नाही ते बोहारणीकडे गेलं. तालुक्याच्या गावी आणि शहरात डोक्यावर पाटी घेऊन ती दारोदार फिरायची. जुने कपडे द्या, नवं भांडं घ्या. घासाघीस तर अशी की दोन लुगडी, एक पँट आणि वर एक सदरा टाकल्याशिवाय पातेलं पाटीतून बाहेर येत नसे. जरीचं लुगडं मात्र ती हातात घेऊन वेगळ्याच नजरेनं बघायची, कारण जुनी जर जाळली की तिच्यातली चांदी निघते. कितीतरी पैठण्यांचा शेवट असा झाला. बोहारणीला लबाड ठरवणं सोपं आहे. पण ऊन डोक्यावर घेऊन दिवसभर फिरणारी तीही बाईच होती. तिनं नेलेलं कापड धुऊन, शिवून पुन्हा बाजारात यायचं आणि ज्यांना नवं परवडत नाही त्यांच्या अंगावर चढायचं. पुण्याचा रविवार-बुधवारचा जुना बाजार असल्याच फिरत्या मालावर चालत आला.

आणि आता मांडणी. स्वयंपाकघराच्या भिंतीला लाकडी फळ्या, त्यावर उतरत्या क्रमानं हंडा, घागर, कळशी, तांब्या, आणि पुढे ओळीनं फुलपात्रं. चिंच आणि राखेनं घासून लखलखीत केलेली. घरात आरसा नसला तरी परातीत तोंड दिसायचं. पाहुणी बाई आली की आधी मांडणीकडे बघायची. पितळेची भांडी कल्हईवाल्याकडून आतून कल्हई करून घ्यायची, तांब्याचा बंब न्हाणीत. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईपासून हे काम करते आहे.

या भांड्यांवर नाव असतं. आपण रोज घासतो, म्हणून वाचत नाही. भांडं विकत घेतलं की दुकानातच नाव घालणारा बसलेला असायचा. बारीक छिन्नीनं टक टक करत टिंबाटिंबांनी अक्षरं काढायचा: कुणाला, कुणाकडून, कशानिमित्त, तारीख. थोडं थांबून विचार करा. घर नवऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्याच्या नावावर, रेशनकार्डावर पहिलं नाव पुरुषाचं असायचं. महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मजात वाटा देणारी दुरुस्ती 1994 ची, देशभर ती 2005 मध्ये झाली. त्याच्या कितीतरी आधी आपल्या आज्यांच्या नावावर काय होतं? हंडा होता. घंगाळ होतं. माहेरच्यांनी लग्नात दिलेल्या कळशीवर तिचं सासरचं नवं नाव घातलेलं असायचं. ते नाव तिच्या अजून ओळखीचंही नसेल, पण पितळेवर आधीच उमटलेलं. काही घरांत त्याच मांडणीवर आईचं नाव असलेलं जुनं भांडं दिसतं, तीस वर्षांआधीच्या तारखेचं. आईनं आपल्यातलं काढून लेकीला दिलेलं. सातबाऱ्यावर न आलेलं हे वारसापत्र आहे, असं आम्ही म्हणतो.

कायद्यालाही या वस्तूंची किंमत कळली होती. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 सांगतं की कर्जापोटी कोर्टाची जप्ती आली तरी कर्जदाराचे, त्याच्या बायकोपोरांचे अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रिवाजानं बाईला उतरवता येत नाही असा दागिना, हे काही जप्त करता येत नाही. म्हणजे आपली पातेली, आपली गोधडी आणि आपलं मंगळसूत्र. हे कलम आजही लागू आहे. कुणी वसुलीवाला घरात येऊन भांडी उचलायची धमकी देत असेल, तर हा आकडा तोंडपाठ ठेवा: कलम 60.

पण बाईनं स्वतःच नेऊन दिलं तर कायदा काय करणार? 1972 च्या दुष्काळात मांडण्या रिकाम्या झाल्या. पोरांच्या पोटात भाकरी घालायला हंडे आणि घागरी बाजारात गेल्या. मोडीत घालताना पितळ वजनावर जातं, वर घट कापतात, नावाचे पैसे कुणी देत नाही. वितळवताना नावही वितळलं. पुन्हा चार पैसे आले तेव्हा पितळ महाग झालेलं आणि स्टील आलेलं. स्टीलला कल्हई नको, चिंच नको, आणि ते हलकं. आमच्या मते स्टीलनं बायांचा फार त्रास वाचवला, त्याच्या नावानं उसासे टाकायला आम्ही तयार नाही.

वस्तू जात होत्या तेव्हा एक माणूस त्या गोळा करत होता. पुण्याचे दिनकर केळकर, चष्म्याचं दुकान आणि ‘अज्ञातवासी’ नावानं कविता. साधारण 1920 पासून ते गावोगाव हिंडले आणि तलवारींपेक्षा जास्त मन लावून अडकित्ते, दिवे, कुंकवाचे करंडे, फण्या, पाय घासायच्या वज्र्या, दारं, बाहुल्या जमवल्या. पत्नी कमलाबाई बरोबर होत्या. वीस हजारांवर वस्तू झाल्या, त्या त्यांनी सरकारला दिल्या. लहानपणीच वारलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं ते संग्रहालय आहे. कधी पुण्याला गेलात तर अवश्य जा. मस्तानीचा महाल बघायला गर्दी असते. आपण मात्र स्वयंपाकघरातल्या वस्तूंपाशी थांबायचं, आणि मुलीला सांगायचं, बघ, हे आपल्याकडे होतं.

आता गावात टेम्पो येतो, जुनं लाकूड, जुनं तांबं-पितळ घ्यायला. विकू नका, असं आम्ही सांगणार नाही. घराला पत्रा घालायचा असेल, पोरीची फी भरायची असेल, तर घंगाळ विकायला काय हरकत आहे? फक्त कोरीव दार जळणाच्या भावानं देऊ नका, आणि घंगाळाचा भाव भंगाराच्या काट्यावर ठरू देऊ नका. शहरात त्याचा भाव काय चालतो, ते पोराला मोबाईलवर बघायला लावा. शंभर वर्षांवरची कोरीव वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येते, तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही, हेही समोरच्याला ऐकवा. भाव जरा सरळ होतो.

आणि काहीही द्यायच्या आधी नाव उतरवून घ्या. भांडं कोरडं पुसा. नावावर वहीचा पातळ कागद घट्ट धरा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हातानं घासत जा. टिंबं पांढरी उमटतात आणि अक्षर वाचता येतं. खाली लिहा, भांडं कोणतं, कुणाचं, आणि ती तुमची कोण. गोधडीचा फोटो काढा, दोन्ही बाजूंनी, आणि त्यातलं कोणतं कापड कुणाच्या अंगावरचं ते घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून लिहून काढा. ती आजारी असेल तर आधी तिच्याकडे बसा, भांडी नंतर. असे कागद आमच्याकडे पाठवलेत तर पुढच्या महिन्यात आपण ती नावं एक एक करून रेडिओवर वाचू, तारखेसकट.