बिरडं आणि बीनो

1990च्या सुमारास अमेरिकेत ‘बीनो’ नावाचं औषध विकायला आलं. कडधान्यांनी ज्यांचं पोट फुगतं त्यांनी ते पहिल्या घासाबरोबर घ्यायचं. त्यातलं विकर अल्फा-गॅलॅक्टोसिडेज, एका बुरशीपासून काढलेलं. त्याच जातीचं विकर रोह्यात फडक्यात बांधून ठेवलेल्या वालातही कामाला लागतं, हे वाचल्यापासून बिरड्याने माझा पिच्छा पुरवला आहे.

वाल दक्षिणेत नवाश्मयुगापासून आहे. रोहा-पेणकडे भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर तो येतो. बिरड्यासाठी तो भिजवून, मोड आणून सोलतात. वाद आहे तो मोड कशासाठी, यावर. सुगरणी म्हणतात, सोलायला सोपं जावं म्हणून. सालीबरोबर कडवटपणाही जातो. मला हे अर्धंच पटतं. साल नुसत्या भिजवलेल्या दाण्याचीही निघते. मग आणखी एक दिवस थांबायचं कशाला? माझ्या मते थांबायला पोटाने शिकवलं.

दाणा वाळताना रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरा साठवतो, पुढे रुजताना लागतील म्हणून. त्या तोडणारं विकर आपल्या लहान आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्यांवर ताव मारतात आणि वायू धरतो: गुबारा, कळा, कुणाला जुलाब. ही अ‍ॅलर्जी नव्हे, म्हणून तर चमचाभर उसळ सोसते आणि वाटीभर बाधते. मोड येताना दाणा स्वतःच या साखरा खर्चून टाकतो. सगळ्या नव्हे, नाजूक आतड्याच्या माणसाला श्रावणी सोमवारचं बिरडंही नडतं.

आता प्रतिपक्ष पोपटी पुढे करेल. तिथे मोड नाहीत. ओल्या शेंगा, ओवा, मीठ, भांबुर्ड्याचा पाला, उपडं मडकं आणि भोवती जाळ. वाल बाधू नयेत म्हणून ओवा, असं जो तो सांगतो. ओव्यातल्या थायमॉलचा मान ठेवूनही मी म्हणेन, खरी मेख शेंगेच्या कोवळेपणात आहे. हिरव्या दाण्यात त्या साखरा पुरत्या भरलेल्याच नसतात. थंडीतली पोपटी दाण्याला साखर भरण्याआधी गाठते. बिरडं भरलेली साखर त्यालाच संपवायला लावतं.

यांतलं आधीचं कोण? लेखी पुरावा शोधण्यात अर्थ नाही, पण माझा कौल पोपटीला. तिला शेताचा बांध, मडकं आणि जाळ पुरतो. बिरड्यासाठी मात्र आधी कुणीतरी न मोडवलेले वाल पोटभर खाल्लेले असणार.