मक्याच्या मागावर आलेला पतंग

शायरीतला परवाना शमेवर झेप घेतो आणि जळून जातो. आम्ही कवींनी त्याला मराठीतही फार नाचवला. सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला २०१८ पासून ज्याने छळले, तो पतंग जळायला आलेला नव्हता.

लष्करी अळीचा हा करडा पतंग मूळचा अमेरिकेचा, मक्यासारखाच. मका आपल्याकडे शेकडो वर्षांपूर्वी आला, त्याचा वैरी आत्ता. १७९७ मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी जॉर्जियातल्या कीटकांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. चित्रे जॉन अ‍ॅबट यांची. ग्रंथाच्या नावात ‘दुर्मिळ’ असा शब्द आहे, हे वाचून आज हसू येते.

उत्तर अमेरिकेत त्याची वारी ठरलेली. कडाक्याची थंडी त्याला सोसत नाही, आणि इतर काही किडींप्रमाणे निद्रिस्त राहून हिवाळा काढणेही जमत नाही. म्हणून तो दक्षिण फ्लोरिडा आणि दक्षिण टेक्सासच्या उबेत तगतो आणि वसंतात वाऱ्यावर स्वार होऊन, एका रात्रीत शंभर किलोमीटरही कापत, कॅनडापर्यंत सरकतो. निघालेला पतंग बहुधा पोहोचत नाहीच. पोहोचतात त्याची नातवंडे.

२०१६ मध्ये तो आफ्रिकेत दिसला. मे २०१८ मध्ये शिवमोग्ग्याच्या मक्यावर, आणि त्याच वर्षी सोलापूरच्या मक्यावर व सांगलीकडच्या उसावरही. २०२० पर्यंत तो ऑस्ट्रेलियात पोहोचला होता.

आपल्याकडे त्याला हाकलणारा हिवाळा नाही. टेंभू-म्हैसाळचे पाणी आटपाडी, जतकडे गेले, माळ हिरवा झाला, ही आनंदाचीच गोष्ट. पण उन्हाळ्यातही कोवळा मका मिळू लागला, तर पाखराने मुक्काम का हलवावा?

खरी अडचण वैरणीची. दाण्याच्या मक्यावर फवारणी करता येते. पण गोठ्यासाठी कापायच्या मक्यावर औषध मारले, तर ते म्हशीच्या पोटात आणि पुढे दुधात जाण्याची भीती. म्हणून घरातली माणसे सकाळी पोंगे उघडून बघतात. भिजल्या भुशासारखी विष्ठा, डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराची उलटी खूण, शेपटाकडे चौकोनात चार ठिपके. सापडली की चिरडायची. पानावर अंड्यांचा पुंजका दिसला, तर तोही. मग कामगंध सापळ्यात रात्री किती पतंग पडले ते मोजायचे. त्यात नरच येतात. मादी बाहेर अंडी घालत असते, हजारावर.